नानांकडचे इंदुरी पोहे

रविवार, ५ जानेवारी २०२५. सकाळी ७.४०. पोह्यांच्या चाळणीखाली पाणी उकळत ठेवून लिहीत आहे.

इंदुरी पोह्यांना फोडणी नावापुरती असते, बाकी सगळे काम वाफेचे. वरून बारीक शेव आणि जिरावण मसाला. धुळ्यात आमच्या गल्लीत हे फक्त मला ठाऊक आहे, कारण इंदूरचा प्रवास फक्त मी केला आहे. पहिला घास घेतला की २०१९ सालचे चुलतभावाचे वऱ्हाड आठवते. बिजासनचा घाट, पहाटेची थंडी, कागदावर वाफाळते पोहे. माणसाने प्रवास करावा. दृष्टी बदलते.

दर रविवारप्रमाणे एक डबा समोर रुपचंद नानांकडे पाठवला. माझी बहीण दिपमाला घेऊन गेली. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत आहे, पण आत काय ठेवायचे हे ठेवणाऱ्याच्या मनावर असते. नानांच्या मुलीने, मोनालीने, दोन पेरू ठेवले. दोन. दिपमालाने त्यातला एक खाऊन टाकला. तिला अशा गोष्टी कळत नाहीत.

बुधवार, ८ जानेवारी

गोपाल आला आहे. गाव शिंदखेडा, नानांच्या लांबच्या नात्यातला. फैजपूरहून केळीचा ट्रक घेऊन दिल्ली-जम्मूला जातो आणि फेरी संपली की नानांच्या ओट्यावर येऊन बसतो. आज जम्मूची सफरचंदे आणली. बर्फात ट्रक कसा अडकला ते सांगत होता. मोनाली दारात उभी राहून ऐकत होती. पूर्ण ऐकले.

मी कामावरून, फ्लेक्सच्या दुकानातून येत होतो. मुद्दाम थांबलो नाही. केळी नेऊन उतरवणे याला प्रवास म्हणत नाहीत, वाहतूक म्हणतात. सफरचंदेही डागाळलेली वाटली, लांबून.

गोपालने हाक मारून विचारले, "प्रेमराजभाऊ, इंदूरले कव्हय जाशी परत?" मी म्हणालो, लवकरच. त्यामुळे आता जावे लागेल.

नाहीतरी जिरावण संपले आहे. खरे तर तीन वर्षांपूर्वीच संपले. सध्या चाट मसाल्यात काळे मीठ घालतो. कोणाच्या लक्षात आलेले नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

संकल्प: उद्या इंदूर. अस्सल जिरावण आणायचे. येताना मोनालीसाठी काहीतरी, फार महाग नाही, पण लांबून आणलेले आहे हे कळेल असे. मळमळीची गोळी घेतली आहे. पुढचे सीट धरायचे.

शनिवार, ११ जानेवारी

शिरपूरला उतरलो. घाट अजून लागायचा होता, पण पुढे रस्त्याचे काम चालू असेल असे वाटले. शेजारचा माणूस वडापाव खात होता, हेही एक कारण. गोळीचा काही उपयोग नाही, कंपनी बदलायला हवी.

इथे एक नोंद करून ठेवतो. २०१९ सालीही घाटात थोडा त्रास झाल्यामुळे मी वऱ्हाडाची बस सेंधव्याला सोडली, ढाब्यावर पोहे खाल्ले आणि परतीच्या गाडीने घरी आलो. पण सेंधवा मध्य प्रदेशात आहे, आणि चव ही हद्दीपासूनच सुरू होते. त्यामुळे प्रवास झाला असेच धरायला हवे. हा तपशील कोणी विचारलेला नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. समोरून डब्यात तिळगूळ आला. दिपमाला म्हणाली की सगळ्या गल्लीला दिला. असेल. पण आमचा डबा काठोकाठ भरलेला होता.

दिपमालाने मला न विचारता गोपालला फोन करून जिरावण आणायला सांगितले. तो इंदूरवरूनच येतो आहे म्हणे. मी रागावलो. मग म्हणालो की सांगितलेच आहे तर मोठे पाकीट सांग.

गुरुवार, १६ जानेवारी

मोठी बातमी. नाना स्वतः दुकानात आले. म्हणाले, "प्रेमराज, रविवारी सकाळी घरी पाहुणे येणार शेत. तुझे ते पोहे कर, पंधरा माणसांचे. आमच्याच घरी येऊन कर, म्हणजे गरम मिळतील."

आमच्याच घरी येऊन. मी पुन्हा विचारून खात्री केली.

अर्थ उघड आहे. नाना थेट बोलणारे नाहीत. चार नातेवाईक बोलवायचे, मुलगा कसा वावरतो ते सगळ्यांना दाखवायचे. बारावी इंग्रजीत राहिली हे त्यांना माहीत आहे, म्हणून ही दुसरी परीक्षा. हिची तयारी माझी सहा वर्षांपासून झाली आहे.

घरी सांगितले. दिपमाला म्हणाली, "दादा, रविवारी सकाळी पाहुणे आणि पोहे, म्हणजे काय असतं ते ध्यानात येतंय ना?" मी म्हणालो, चांगलंच येतंय. तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मला ताप आहे.

शनिवार, १८ जानेवारी, संध्याकाळी

पोहे निवडून ठेवले. पांढरा शर्ट इस्त्री केला. गोपालने जिरावणाचे पाकीट दिपमालाकडे दिले. पैसे घेतले नाहीत. हा त्याचा मोठेपणा दाखवायचा मार्ग. मोनालीशी लग्न ठरले की त्याला पंगतीत पहिला बसवीन आणि आग्रहाने वाढीन. मी मनात काही ठेवणारा माणूस नाही.

रविवार, १९ जानेवारी, दुपारी

पोहे उत्तम झाले. आजवर इतके चांगले कधीच झाले नव्हते. प्रत्येक दाणा सुटा, मऊ.

मी नानांच्या स्वयंपाकघरात होतो. बाहेर पाहुणे आले. आवाजात गोपालचा आवाज होता. वाटले, पाहुण्यांना सोडायला आला असेल. फटीतून पाहिले तर नवा शर्ट घालून मधल्या खुर्चीवर बसला होता. एका बाजूला त्याची आई, दुसऱ्या बाजूला मामा. सोडायला आलेला माणूस मधल्या खुर्चीवर बसत नाही.

मोनाली साडी नेसून आत आली. मी बशा भरल्या. शेव सारखी पडली की नाही ते पाहिले. ती हळूच म्हणाली, "प्रेमराजभाऊ, जिरावण थोडं कमी टाका, त्यांना तिखट चालत नाही."

भाऊ ती आधीपासूनच म्हणते. आज नीट ऐकू आले.

ट्रे तिने नेला. मामांनी विचारले, पोहे कोणी केले? नाना म्हणाले, "पोरीनेच." असेच म्हणायचे असते. पोहे कोणीही करो, त्या दिवशी ते मुलीनेच केलेले असतात. यात नानांची चूक नाही. मी चाळणी पुसत राहिलो.

मग गोपाल बोलला. पहिला घास घेऊन थांबला आणि म्हणाला, "हाई चव ते सेंधवानी शे. घाट चढी गया का तो ढाबा शे ना, तठली." मामा म्हणाले, इंदूरची असेल. गोपाल म्हणाला, नाही, सेंधव्याचीच, फेरीला निघालो की मी तिथेच थांबतो.

बाहेर जाऊन सांगणार होतो की इंदूरची आहे. पण माझ्याही तोंडात घास होता. आणि चव सेंधव्याचीच होती.

सहा वर्षे सगळी गल्ली हे पोहे खाते आहे. मी कुठे गेलो होतो ते एकाच माणसाला कळले, आणि तो गोपाल निघाला.

त्याने दुसऱ्यांदा मागून घेतले.

सोमवार, २० जानेवारी

नाना दुकानात आले. साखरपुड्याचा फ्लेक्स टाकायचा आहे. गोपालचा फोटो बर्फातला आहे. मजकुरात त्यांनी 'चि. सौ. का.' लिहिले होते, मी 'कां.' केले. नावात एखादी चूक ठेवता आली असती. ठेवली नाही. नंतर तीच डोळ्यांत खुपली असती.

संध्याकाळी डबा परत आला. आत पेढे होते. रीतीप्रमाणे. खाणार नव्हतो. एक खाल्ला.

संकल्प: पुढच्या रविवारपासून उपमा.

खर्च: पोहे आणि शेव २६०. बस, शिरपूर, जाऊन-येऊन १६०. मळमळीची गोळी २०. एकूण ४४०.
येणे: काही नाही.
देणे: जिरावण, एक मोठे पाकीट, गोपालचे. अर्धे शिल्लक आहे.