मऊ आवाज

रवि. ७ डिसें.
सिनेमा नक्की केवढ्याला पडला? तिकिटं राणीनं पुण्यातून मोबाइलवर काढून दिलेली, आईबापाच्या लग्नाचा वाढदिवस म्हणून. म्हणजे फुकट. तरी महाग. दुपारची पाळी माग सांभाळणाऱ्या जॉबर नरसय्याच्या भरवशावर सोडली, तो बिडीला गेला आणि तेवढ्यात सात नंबरच्या मागावर टॉवेलची किनार वाकडी. माझा गुडघा आखडला. आणि येताना गाडीवर मागं बसून ही एक शब्द बोलली नाही, पार अक्कलकोट रोडला शेडच्या दारात येईपर्यंत. खरा खर्च तो.

सिनेमा हसायचा होता. एक पोरगा, दोन पोरी. एकीसाठी भिंतीवरून उड्या मारतो, नोकरी घालवतो, विमानतळावर पळतो. दुसरी लहानपणापासूनची; रोज डबा भरून देते, तापात उशाशी बसते. शेवटी पहिली सोडून जाते, ह्याचं डोकं ठिकाणावर येतं, डबेवालीशी लग्न. थेटरात टाळ्या. मीपण वाजवल्या. उड्या चार दिवस, डबा जन्मभर.
हिनं नाही वाजवल्या.

सोम. ८ डिसें.
सकाळी चहा देताना म्हणाली, "त्या डबेवालीला कुणी इचारलं का?"
"काय विचारायचं तिला?"
"तो दमला म्हणून माघारी आला. ती तितंच बसल्याली, म्हणून घावली."
म्हटलं, सुमन, सिनेमा आहे तो.
"व्हय की."
कप ठेवला. वाजला नाही.
आपले कान तिखट. वर घर, खाली सोळा माग. डोळे मिटून सांगतो कुठल्या नंबरवर धागा तुटला. दुसऱ्याच्या शेडात सुताच्या कांड्या भरत होतो तेव्हापासून या कानांवरच भाकरी खाल्ली. एरवी हिचा कप ओट्यावर आपटतो. आज नाही.

शुक्र. १२ डिसें.
राणीचा फोन. "पप्पा, आवडला का पिक्चर?"
म्हटलं, आमचं त्याच्यापेक्षा भारी आहे. परत तीच गोष्ट सांगितली, हिला बघायला गेलो त्या दिवसाची. लोक पोरीला विचारतात स्वयंपाक येतो का. मी सूत पुढं केलं, म्हटलं गाठ मारून दाखव. नुकतेच दोन माग घेतले होते, कांड्या भरायला माणूस नव्हतं. ही मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानातली. पोत्याला मारतात तसली गाठ मारली. सगळे हसले. मी म्हटलं, शिकवतो. पसंत.
राणी दरवेळी हसते. आज नुसतं हं म्हणाली.
मग म्हटलं, तुझ्या आईला माझ्याशिवाय झोप येत नाही, माहीत आहे ना? पांडूमामाच्या लग्नाला गेली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं परत. म्हणाली, मागांचा आवाज नाही, डोळ्याला डोळा लागत नाही. याला म्हणतात प्रेम. सांग तुझ्या सिनेमावाल्यांना.
आत ही भाकरी थापत होती. हात थांबला. जरा वेळानं परत सुरू.

मंगळ. १६ डिसें.
नरसय्या म्हणाला, "मालक, सात नंबर ऐकला का?"
"गोड चाललाय की."
"तेच बोलतो ना मी. पट्टा ढिला झाला. ढिला पट्टा भांडत नाही, मऊ चालतो. एक दिवस जातो."
संक्रांतीचा माल निघू दे, मग बघू म्हटलं.
वरपण शांत. आठवडा झाला भांडण नाही. तंबाखू खाऊन गेलो, वास आला असणार. काही बोलली नाही. बरं वाटलं. खरं तर बरं वाटायला नको होतं...

रवि. २१ डिसें.
शेजारच्या पद्मावहिनींचं पातेलं दिवाळीपासून आपल्याकडं होतं. ते आज घासून परत दिलं.
दुपारभर खलबत्ता. शेंगाचटणी. दोन बरण्या गच्च.
"एवढी कुणाला?"
"तुमालाच. टिकती."
बीपीची गोळी नेहमी पाण्याबरोबर हातात येते. आज डबी दाखवली. "सकाळची पांढरी, रातची पिवळी. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"
कशाला, म्हणून विचारायचं होतं. तोंडापर्यंत आलं. खाली कुणीतरी हाक मारली, गेलो. परत आल्यावर विचारता आलं असतं.

शुक्र. २६ डिसें.
"पांडूकडं हुरड्याला जाऊन येते."
जा की. किती दिवस?
"बघू."
मग ट्रंकेची कडी वाजली. बराच वेळ कपड्यांची सळसळ. हुरड्याला एवढे कपडे?

शनि. २७ डिसें.
स्टँडवर सोडायला गेलो. मंगळवेढा गाडी लागायची होती. पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि समोर बघतच म्हणाली, "एक इचारू? तवा तुमाला मी पायजे होते, का कांड्या भरायला कुणीतरी पायजे होतं?"
मी म्हटलं, "कुणीतरी म्हणजे तूच की."
हसली. मनापासून हसली, डोळ्याला पदर लावून. सिनेमात हसली नव्हती तेवढी. माझा विनोद जमला असं वाटून मीपण हसलो. गाडी लागली. खिडकीतून हात केला नाही. पिशवी सावरत होती.
घरी येईपर्यंत ते हसणं कानात. विनोदाचं नव्हतं ते.

रवि. ४ जाने.
फोन केला. हुरडा गोड आहे, वारं लई आहे, पांडूची म्हैस व्यायली. कधी येतेस? "बघू की."
स्वेटर शोधायला तिचं कपाट उघडलं. शाल इथंच. जाड साड्या इथंच. पातळ सुती साड्या, उन्हाळ्यातल्या, एकही नाही.
थंडी पडलीय आणि हिनं उन्हाळा भरून नेला.
दुपारी सातचा पट्टा तुटला. ताण्याचे धागे सटासट गेले, निम्मा ताणा वाया. नरसय्या म्हणाला, "मी बोललो होतो, मालक."
बोलला होता. मलाही ऐकू आलं होतं. गोड वाटत होतं म्हणून थांबवला नाही.

शनि. १० जाने.
कुणाला सांगितलं नाही. तोच सिनेमा परत बघून आलो, एकटा. आता एकच खेळ उरलाय, सकाळचा. समोरच्या रांगेत कॉलेजची पोरं, बाकी खुर्च्या रिकाम्या.
या खेपेला डबेवालीकडं बघत बसलो. लग्नाच्या वेळी सगळा वेळ पोरगाच दिसतो. त्याचं रडणं, त्याचं हसणं. ती हो म्हणते का, ते दाखवतच नाहीत. हार घातलेला दिसतो तेवढा.
पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात खिशात.

मंगळ. १३ जाने. भोगी
अक्षता. सिद्धरामेश्वराच्या लग्नाला दरवर्षी दोघं जातो, पांढरं नेसून. आज एकटा. नंदीध्वजांच्या उंच काठ्या आल्या, पाय ठेवायला जागा नाही. गर्दीतूनच फोन लावला. म्हटलं, ऐक, तुला आवडतं म्हणून ऐकवतो. आणि विषय निघावा म्हणून तिलाच विचारलं, ती कुंभाराच्या पोरीची गोष्ट काय गं नेमकी? मला ठाऊक आहे. बोलती करायची होती.
"तिला सिद्धरामेश्वर पायजे होता. त्यो जोगी. त्यानं आपली काठी दिली, तिनं काठीशी लगीन लावलं. त्याच्याच अक्षता टाकताय न्हवं तुमी?"
म्हटलं, बघ. तिनं काठीवर भागवलं. आपलं तर...
"तिला ठावं तरी होतं, काठी हाय म्हणून."
तेवढ्यात अक्षता पडल्या. सगळीकडून आरोळी. ती पुढं काही म्हणाली का, कळलं नाही. फोन बंद झाला तेव्हा माझ्या अक्षता मुठीतच होत्या.

शनि. १७ जाने.
गड्ड्याच्या यात्रेला गेलेले कामगार अजून कामावर आले नाहीत. माग बंद. घर असं गप्प की नळाचा थेंब ऐकू येतो. मला झोप नाही. मलाच. पिवळी गोळी घेतली का, तेही आठवेना.
ठरवलं, आज सरळ विचारायचं. ये, म्हणायचं नाही. यायचंय का, विचारायचं. असं कधी विचारलं नव्हतं. चहाच्या आधीच फोन लावला. पांडूच्या बायकोनं, शोभानं उचलला.
"वन्सं उठल्या न्हाईत अजून, दाजी."
उन्हं आली तरी? बरं नाही का तिला?
"न्हाई वो, झ्याक हाईत. हितं आल्यापासनं जेवलं की आडव्या, ते उन्हं आल्यावरच उठत्यात. घोरत्यात सुदिक! पोरं हसत्यात. उठवू का?"
नको म्हटलं.
घोरते म्हणे. एवढ्या वर्षांत मी कधी ऐकलं नाही.