विड्यावरची सुपारी

नंदनवन, नागपूर
१२ एप्रिल २०२५

तीर्थरूप दादास,
चंद्रभानचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने जोडतोस, म्हणून लिहितो. धंतोलीच्या डॉक्टरांनी तुझे रिपोर्ट पाहिले. हृदयाची एक झडप पार आवळून गेली आहे, पावसाळ्याआधी बदलायला हवी, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नाही बदलली तर किती दिवस, हे मी विचारलं, तर ते नुसते कागद सारखे करत राहिले. बदलली तर शंभरातले पंच्याण्णव धड घरी जातात म्हणे.

तू म्हणतोस, अक्षय तृतीयेची घटमांडणी होऊ दे, मग बघू. दादा, रात्रभर शेतात मांडून ठेवलेल्या घटाभोवतीच्या धान्याच्या राशींनी गावाला पीकपाणी सांगावं. पण घटाजवळच्या विड्यावर आपल्या घराच्या नावाची सुपारी असते, तिच्यावर तुझा जीव टांगू नकोस. सकाळी ती ढळलेली दिसली तर घरातला कर्ता जातो, आणि मांडणी वाचणाऱ्याने, म्हणजे तू, ते कोणाला सांगायचं नाही, असा रिवाज. बाबांची सुपारी ढळली होती, हे तू त्यांच्या तेराव्यानंतर बोललास. आधी बोलायची सोय नाही आणि नंतर चुकायची भीती नाही.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असतो, तिथेही हेच. पाचशे वर्षांपूर्वीचा फ्रान्सचा ज्योतिषी, बल्गेरियातली आंधळी बाई, सगळ्यांनी हेच साल सांगितलंय असे व्हिडिओ गिऱ्हाइकं दाखवतात. एक जण म्हणाला, जगच बुडून राहिलं तर शुगरच्या गोळ्या महिन्याच्या काहून घेऊ, आठवड्याच्याच दे. मी म्हटलं, बुडेपर्यंत तरी शुगर वाढू देऊ नका. तो हसला, पण गोळ्या आठवड्याच्याच नेल्या.

वहिनीस नमस्कार. तारीख कळव. तुझ्या हाताखाली वाढलेल्यावर लोभ ठेव.

तुझा,
चंद्रभान


मु. खैरडोह
१९ एप्रिल २०२५

चि. चंद्रभानास,
गोपाळचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. शंभरातले पाच कोण, हे तुझ्या डॉक्टरने सांगितलं काय? नाही ना? मग त्याचंही भाकीतच झालं. माझं एका नारळात होते, एवढाच फरक.

परवा दोन पोरं कॅमेरा घेऊन आली. यंदा युद्ध होणार असं बोला म्हणत होती. मी म्हटलं, नाही गा, ज्वारीनं सांगितल्याबगर मी बोलत नाही. तर म्हणतात, बाबाजी, तुम्ही काहीही बोला, नंतर आम्ही जोडून घेऊ.

मरणाचं भय नाही असं लिहिलं तर खोटं होईल. जिना चढताना मधेच बसावं लागते. पण तुझ्या वहिनीले पोरबाळ नाही. मी टेबलावर गेलो तर त्या दवाखान्याच्या बाकावर ती कोणाकडे पाहील? तिच्या मावसभावाला असंच नागपूरला नेलं अन् गाडीत आडवं घालून परत आणलं. तेव्हापासून ऑपरेशनचं नाव काढलं की ती चुलीकडे तोंड करून बसते.

तरी तुला शब्द देतो. सुपारी जागेवर राहिली तर तू म्हणशील त्या दिवशी येतो. ढळली तर मला माझ्या ओसरीवर राहू दे, पुन्हा विषय काढू नको. तू ये मांडणीला. तुझ्या बायकोला, मेघाला, पुरणाची पोळी करता येत नाही हे वहिनीच्या ध्यानात आहे, तेव्हा उपाशी राहणार नाही.

देव तुम्हां सर्वांना सुखी ठेवो.

गोपाळ


नंदनवन, नागपूर
१० मे २०२५

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

घरी सुखरूप पोचलो. तू काही बोलला नाहीस, रिवाजाप्रमाणे बोलणारही नाहीस. पण मी तुझ्या मागेच उभा होतो. विड्याकडे पाहिल्यावर तुझे आवळलेले खांदे सैल झाले आणि परतताना तू मला तारीख विचारलीस, तेवढं मला पुरे. वीस मे ठरवली आहे.

इकडे सीमेवरच्या बातम्यांनी सगळे हवालदिल आहेत. तू फक्त ‘पश्चिमेची रास विस्कटली, मूग साधारण’ एवढं म्हणाला होतास. त्या पोरांनी त्यातला मूग कापला, पश्चिम ठेवली आणि तिला त्या फ्रान्सच्या ज्योतिषाच्या ओळी जोडल्या. आमच्या गल्लीत तू आता फार मोठा माणूस आहेस. मेघा म्हणते, भाऊजींना आणायला रथ पाठवावा लागेल.

वहिनीला धीर दे. तिने येताना तुझी घोंगडी आणावी, दवाखान्यात एसी फार असतो. वाट पाहतो.

तुझा,
चंद्रभान


नंदनवन, नागपूर
८ जून २०२५

तीर्थस्वरूप वहिनीस,
चंद्रभानचा नमस्कार.

वरती सवयीने ‘सौ.’ लिहायला गेलो आणि हात थांबला. दादा जाऊन आज सोळा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नीट झालं, नंतर रक्ताची गुठळी मेंदूत गेली. पाचांतला एक.

तेराव्याला मी तुमच्यासमोर बसू शकलो नाही, ते तुम्हाला दिसलं असेल. कारण लिहितो. मांडणी झाल्यावर रात्री त्या शेतात कोणी पाय ठेवायचा नाही, हे मला लहानपणापासून माहीत. तरी त्या पहाटे, गाव उठायच्या आधी, मी बांधावरून आत गेलो. सुपारी पानावरून घरंगळून मातीत पडली होती. मी ती रुमालाने पुसली आणि पानाच्या मधोमध ठेवली. देवाने नको म्हटलं होतं, वहिनी. मी ते पुसलं आणि माझ्या भावाला तिकडे धाडलं.

त्या पोरांनी आता नवा व्हिडिओ काढला आहे. म्हाताऱ्याला स्वतःचं मरण दिसलं होतं, मांडणी वाचतानाचा चेहरा पाहा, असं सांगतात. चार लाख लोकांनी तो चेहरा पाहिला. तो सुटकेचा चेहरा होता, हे फक्त मला ठाऊक आहे.

रोज पूजेला बसतो आणि हात जोडता येत नाहीत. तुम्ही मला घरात येऊ नको म्हटलंत तरी मी समजेन.

अपराधी,
चंद्रभान


मु. खैरडोह
१६ जून २०२५

चिरंजीव चंद्रभान भाऊजीस,
इंदूबाईचा आशीर्वाद.

मी चौथी शिकली, अक्षर सांभाळून घ्या. हे कोणाकडून लिहून घेण्यासारखं नाही.

भाऊजी, सुपारी आपोआप ढळली नव्हती. ती मी ढकलली. सगळे निजल्यावर गेली होती. त्याईले कापाले नेऊ नये, ओसरीवर राहावं, एवढंच माह्या मनात होतं. आधी सुपारी कशी होती म्हणून विचाराल, तर अंधार होता, मी पाहिलीच नाही. हातानं चाचपली अन् खाली लोटली. म्हणून देवानं काय ठेवलं होतं ते तुम्हाले ठाऊक नाही अन् मलेही नाही. आपण दोघांनी त्याले बोलूच दिलं नाही.

अजून एक आहे. टेबलावर नेताना मी त्याईच्या ढकलगाडीचा दांडा धरून ठेवला होता, सोडत नव्हती. नर्सबाई रागावली. तेव्हा त्याईनं जन्मात पहिल्यांदा रिवाज मोडला. मले जवळ घेऊन म्हणाले, भिऊ नको वं, सुपारी जागेवर आहे. मी तर ती मातीत लोटली होती. मले वाटलं, देवानंच उचलून ठेवली. म्हणून मी हात सोडला.

तुमच्यावर राग नाही. राग करायचा तर दोघांवर करावा लागते, अन् तेवढा जोर नाही.

गावची माणसं म्हणतात, पुढच्या तृतीयेले मांडणी चंद्रभानच करील. कराच. घरची सुपारीही ठेवा. फक्त त्या रात्री मले मेघापाशी नागपूरला नेऊन ठेवा, अन् तुम्ही घराले आतून कडी लावून उजाडेपर्यंत बसा.

मेघाले आशीर्वाद. घोंगडी तुमच्याकडेच राहिली, ती असू द्या.

इंदूबाई