जपानीण गोठ्यात

७ सप्टेंबर, रविवार

म्हशी बाहेर आणि ही आत! ही कुठली रीत? गोठा माझ्या मालकांनी बांधला तो म्हशीसाठी. ते असते तर ही वेळ आली नसती. आता तिथं राजवीरची ही लाल जपानी गाडी अंगावर पांघरूण घेऊन बसली हाय, आणि माझ्या दोन म्हशी लिंबाखाली माशा वारत उभ्या. पत्रा नवा घातला तो पण हिच्यासाठी. म्हशीसाठी कधी सुचलं न्हाय कुणाला.

राजवीर नोकरीला जर्मनीला गेला. एकुलता एक. जाताना ही माझ्या गळ्यात बांधून गेला. "आई, दर रविवारी सुरू कर. लगेच रेस देऊ नको. बंद करायच्या आधी थोडा वेळ नुसतीच चालू ठेव, टर्बो तापलेला असतोय." टर्बो म्हणजे काय ते पिराजीला विचारलं. मागच्या गल्लीतला पिराजी. साखर कारखान्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आता घरीच असतो. म्हणला, "वैनी, लोहाराचा भाता असतोय न्हवं? तसा. इंजनाला वारं घालतोय. वारं जास्त, जाळ जास्त."

मग माझी फुंकणी हाय की चुलीपाशी, तीच लाव म्हणलं!

शेजारच्या चिमणाबाईला तर करमणूकच झालीया. "लोकं सून आणत्यात, संयोगिता. तुझ्या पोरानं जपानीण आणून गोठ्यात बांधली!" हसते दात काढून. हिच्या पोराला सायकल नीट चालवाय येत न्हाय.

१४ सप्टेंबर, रविवार

सुरू केली. मागं ते जाड नळकांडं बसवलंय राजवीरनं, त्याचा आवाज असा, की काळ्या म्हशीनं दूध चोरलं. संध्याकाळपर्यंत थेंब न्हाय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कुरिअरवाला खोकं टाकून गेला. पाठोपाठ राजवीरचा फोन. "आई, त्यात नवा पाइप हाय. जुना रबरी चिरलाय, टर्बोचं वारं गळतंय त्यातनं. पिराजीमामाकडनं बदलून घे. आणि माळ्यावर कंपनीचा जुना सायलेन्सर हाय, तो परत बसव. ते मोठं नळकांडं काढून टाक."

हेच नळकांडं नको म्हणलं म्हणून माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हता. "तुला काय कळतंय त्यातलं," म्हणालता. आता त्यालाच कळलं की! परदेशात जाऊन पोरगं शहाणं झालं.

दिवाळीला येतोय म्हणूनच हे सगळं चाललंय. विचारलं, येतोस न्हवं? "बघू," म्हणला. त्याचा बघू म्हणजे व्हय. लहानपणापासनं.

२१ सप्टेंबर, रविवार

सगळा दिवस गोठ्यात. पिराजी गाडीखाली उताणा, मी पाने द्यायला. नुसता हात बाहेर काढायचा आणि बोटं हलवायची.

"अरे आकडा सांग की! बोटं काय हलवतोस?"

"चौदाचा, वैनी."

दिला. "हा बाराचा हाय," म्हणे. हाय तर हाय. त्यावरचा आकडा तेलानं पुसलाय, मी काय डोळं फोडून घेऊ?

सायलेन्सरचा नट गंजून दगड झालेला. डिझेल ओतलं, ठोकलं, हलंना. मग मी म्हशीचा खुंटा उपटायची लोखंडी नळी आणली. पान्याच्या दांड्यात घातली आणि दोघांनी ओढली. कडकन सुटला. पिराजीच्या कपाळाला लागलं. हळद भरली.

नवा पाइप बसला. सुरू केली तर आवाजच न्हाय! नुसती घुंय. काळीनं मान वळवून बघितलं आणि परत रवंथ करत बसली. बघ म्हणलं, असं राहावं माणसानं.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. विळा, कोयता, खुरपं, पिराजीचे पाने सगळं मांडलं. गाडीचं बॉनेट उघडून ठेवलं, पूजा नुसती वरवर कशाला. हवेचा फिल्टर पिराजी नवा आणणार म्हणून काढलेला, त्या नळीच्या तोंडावर मी धुतलेलं फडकं बांधलं होतं. मी नारळ आणायला घरात गेले तेवढ्यात चिमणाबाई आली. फडकं सोडलं! "देवाचं तोंड झाकून पूजा करत्यात व्हय गं?" म्हणली आणि मूठभर अक्षता त्या तोंडात घातल्या. वर हळदकुंकू.

राजवीरला फोन केला तर तिकडनं ओरडला, "आई, सुरू करू नको! चावीला हात लावू नको! आत बारीक पंखा हाय, एक दाणा गेला तरी पाती मोडतील!"

चिमणाबाई म्हणते, "मी काय वाईट केलं? देवाला तांदूळच घालत्यात. नट घालू काय?"

तिला चहा न देता घालवली. सणाचा दिवस, पण घालवली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. लोकं सोनं वाटत फिरतात, मी तांदूळ वेचत बसले.

पिराजीनं पट्टा ढिला करून नळी काढली. त्याची बोटं जाड, आत जाईनात. चिमटा लावला तर दाणं आणखी आत ढकललं. मग मी समईची लांब वात घेतली, काडीला गुंडाळली, गोडेतेलात बुडवली. तेलाला दाणा चिकटतोय. एकेक काढला. कुंकू पण पुसलं. पिराजी बॅटरी धरून उभा. "वैनी, श्वास सोडा की," म्हणला. तवा कळलं की मी धरून ठेवलाय.

शेवटी पंखा दिसला. एवढासा! आमच्या राजवीरच्या बारशाला आणलेली भिंगरी याहून मोठी होती. बोटानं फिरवला. अलगद फिरला, कुठं अडला न्हाय. एवढ्याशा पंख्यानं एवढं मोठं घरदार अडवलंय.

चिमणाबाई संध्याकाळी सोनं द्यायला आली. घेतलं. चहा पण दिला.

५ ऑक्टोबर, रविवार

फिल्टर बसला, गाडी सुरू झाली. काही बिघाड न्हाय. राजवीर म्हणला, एका जागी उभी राहून टायर चेपतात, मागं-पुढं हलवत जा. पिराजी म्हणला, "वैनी, मी किती दिवस येणार? बसा तुम्हीच."

बसले. क्लच सोडला की बंद. परत सुरू, परत बंद. मग एकदा जी निघाली ती गोठ्यातनं लिंबापर्यंत! शेणाची बुट्टी चेपली. म्हशी दावं तोडायला बघाय लागल्या. चिमणाबाई कुंपणावरनं ओरडते, "अगं थांब, नातवंडं बघायची हायत अजून!"

परत मागं घेताना एकदाही बंद पडली न्हाय. हे लिहून ठेवते, कारण पिराजी कुणाला सांगणार न्हाय.

१२ ऑक्टोबर, रविवार

राजवीरनं फोटो मागितले. चारी बाजूनं, आतनं, इंजनाचे. सकाळपासनं धुतली. काचा पेपरानं पुसल्या. फोटो धाडले तर म्हणे, "आई, तुझा पदर येतोय, परत काढ." परत काढले.

रव्याच्या लाडवाला तूप कढवून ठेवलंय. त्याला बेसनाचं आवडत न्हाय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दारात मोटरसायकल थांबली. तरणा पोरगा, धुतलेली कापडं. "काकी, मी शिवकुमार. कबनूरहून आलोय. आमचे कापडाचे लूम हायत तिथं. गाडी बघायची होती."

"कसली गाडी, पावणं?"

त्यानं मोबाइल पुढं धरला. आमची गाडी. मी काढलेले फोटो. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ते मला वाचता येतं. विकणे आहे. एका फोटोत कोपऱ्यात माझा पदर राहिलाय.

गोठ्यात नेला. बॉनेट उघडून दिलं. पोरगा खूश. "वा! पाइप नवा, सायलेन्सर कंपनीचा. मला असलीच पायजे होती काकी, आवाज करणारी नको. कोण सांभाळतंय?"

"हाय एक बाई," म्हणलं.

चहा केला त्याला. पावण्याचा काय दोष.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन केला. "आई, सांगणारच होतो."

"कवा?"

"विकली गेल्यावर."

तिकडं त्याला कायमची नोकरी मिळाली. घर घेतोय. म्हणे, गाडी नुसती उभी राहून सडणार, तुला पण त्रास. माझ्या त्रासाचं आज आठवलं! मी म्हणलं, दिवाळीचं काय?

"बघू."

आता कळला त्याचा बघू.

१९ ऑक्टोबर, रविवार

सुरू केली न्हाय. बॅटरी उतरली तर उतरू दे. लाडू चिमणाबाईला दिले.

२६ ऑक्टोबर, रविवार

पिराजी आला. ओट्यावर टेकला. मग म्हणला, "वैनी, माणसाचा राग गाडीवर काढू नये. मुकं जनावर हाय ते."

उठले. कव्हर काढलं. एका झटक्यात सुरू झाली, जशी वाटच बघत होती. गरम होऊ दिली. पिराजीला शेजारी बसवलं, दुधाची किटली मागं ठेवली आणि आतल्या रस्त्यानं डेअरीपर्यंत नेली. डेअरीतली माणसं उठून बाहेर आली. येताना त्या मोकळ्या रस्त्यावर जरा दाबली. भाता सुरू झाला! पाठीला गादी चिकटली. पिराजी "अंबाबाई, अंबाबाई" करतोय. मी हसले. मोठ्यानं. कधी हसले होते अशी, आठवत न्हाय.

घरी आल्यावर लगेच बंद केली न्हाय. चालू ठेवून बसले आत, टर्बो निवंस्तवर. मग लिंबाखाली लावली. म्हशी गोठ्यात बांधल्या. काळीनं लगेच पान्हा सोडला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

शिवकुमारचा फोन. "काकी, राजवीरदादांशी बोललो. कधी येऊ न्यायला?"

"गाडी गेली."

"गेली? कुणी घेतली?"

"मी."

सकाळीच शाहूपुरीत जाऊन गाडी शिकवणाऱ्यांकडं नाव घालून आले. चौथी शिकलेल्या बाईला लायसन मिळतंय का विचारलं. मिळतंय म्हणले. राजवीरला मोबाइलवर निरोप धाडला, तोंडानं बोलून, म्हणजे नीट ऐकू जाईल: गाडी माझ्या नावावर कर. फुकट मागत न्हाय. माझी सांभाळणावळ वजा कर आणि राहिलेलं सांग. सही तुझी लागते. कागद कुरिअरनं धाडतोस, का स्वतः घेऊन येतोस? बघू चालणार न्हाय. रविवारच्या आत सांग.