सहीचे चाळीस तास

१८ नोव्हेंबर १९५५, शुक्रवार
आज सुट्टी. कपडे भिजवून बसलो होतो तर खालून हाका. अख्खी चाळ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला निघालेली, बाबांच्या मिलमधले साचेवालेही. बाबा म्हणाले, तू विमानवाला, तुझ्या नोकरीवर गदा येईल, तू कशाला. गेलोच. लालबागपासून फाउंटनपर्यंत घसा फाडून ओरडलो. पुढे लाठ्या चालल्या. आम्ही पार मागे, म्हणून डोकी शाबूत. घरी येईतो आवाज बसला, बसला म्हणजे गेलाच. आईने मिठाच्या गुळण्या करायला लावल्या आणि वर शिव्या. उद्या सकाळी भावनगरची फेरी, कॅप्टनबरोबर. बोलायचं काय असतं तिथे, इंजिनंच बोलतात.

१९ नोव्हेंबर
लिहून टाकतो.
गेली दोन वर्षं मी कॅ. रॉड्रिग्जचा को-पायलट. माणूस देवमाणूस. लढाईत ब्रह्मदेशावर रसद टाकायचे, आता आमच्या तीन डकोटा विमानांच्या कंपनीत औषधांच्या पेट्या आणि सुताची गाठोडी वाहतात. एका पावसाळ्यात धावपट्टी नीट दिसेना, तेव्हा उतरताना मी सहज उंची मोजायला लागलो. पन्नास फूट, तीस, वीस, दहा, पाच, टेकलं. कॅ. ना आवडलं. म्हणाले, परब, तू मोजत जा, बरं वाटतं. तेव्हापासून रिवाजच पडला. ऊन असो, आभाळ असो, मी मोजतो.
आज घसा नव्हता. भावनगरला हवा स्वच्छ, वारा नाही, पोरगंसुद्धा उतरवील. मी तोंड उघडलं तर नुसती फुसफुस. कॅ. नी पट्टीपासून चांगली वीस फूट वर असतानाच नाक उचललं आणि इंजिनांचा जोर काढून घेतला. विमान हवेतच थांबलं आणि धाडकन खाली. माल बांधलेला म्हणून, नाहीतर गाठोडी आमच्या मानगुटीवर बसली असती.
खाली उतरल्यावर कॅ. नी विचारलं, मोजलं का नाहीस. रागाने नाही. घाबरून विचारलं. ते मला जास्त लागलं.

२१ नोव्हेंबर
फाउंटनला गोळीबार. शेजारच्या चाळीतला एक जण घरी आलेला नाही, त्याची आई सकाळपासून जिन्यात बसून आहे. बाबा जेवले नाहीत. अशा दिवशी स्वतःच्या नोकरीचा विचार करायची लाज वाटते. तरी तोच येतो.

२६ नोव्हेंबर
आठवडाभर नजर ठेवली. कॅ. चहा ओततात तेव्हा आधी कपाच्या कडेला किटली टेकवतात, मग ओततात. जिना उतरताना पहिल्या पायरीवर पाय चाचपतात. दूरचं वाचतात फडाफडा. पण एखादी वस्तू किती लांब आहे ते त्यांना कळत नाही. माझी खात्री झाली, त्यांचा एक डोळा गेलाय.
आणि गेली दोन वर्षं ते माझ्या आवाजावर विमान उतरवतायत. मी आपला खुळ्यासारखा मोजतोय, ऐटीत.

२ डिसेंबर
विचारलं. शेडच्या मागे, बाकड्यावर. त्यांनी नाकारलं नाही. उजवा डोळा, आतला पडदा. सहा महिन्यांनी तपासणी होते, पण भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याच्या सगळ्या ओळी त्यांना पाठ आहेत. पुढची मे महिन्यात.
मी म्हटलं, कॅप्टन, सोडा आता. त्यांनी बुटाची नाडी चाचपून घट्ट केली. मग म्हणाले, "माझगावच्या खोलीत बसून मी काय करू, परब? मला दुसरं काय येतं?"
आणि मग माझी गोष्ट त्यांनीच काढली. त्यांना सगळं माहीत आहे. मोठ्या प्रवासी कंपनीची भरती निघालीय. तिशीच्या आतले हवेत. मार्चमध्ये मला तीस पूर्ण. कमांडचे चाळीस तास कमी पडतात, आणि ते तास मी डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीत बसून उडवल्याशिवाय आणि कॅप्टनने लॉगबुकात सही केल्याशिवाय धरत नाहीत. म्हणाले, जाताना तू उडव, तू उतरव, मी सही करतो. परत येताना सांताक्रूझला मालक बघत असतात, तिथलं मी उतरवीन. तू फक्त मोज.
हो म्हटलं. लगेच म्हटलं, विचार करतो असंसुद्धा म्हटलं नाही.

१९ डिसेंबर
मोठ्या कंपनीचं पत्र आलं. जानेवारीअखेर मुलाखत, लॉगबुक घेऊन या. आईने पत्र देवापुढे ठेवलं. तिला एवढंच कळतं की आता झिलाच्या विमानात माणसं बसतील. चाळभर सांगून आली. विमानदलात फिटर म्हणून तेलात हात घातले तेव्हापासून मी याच कागदाची वाट बघतोय, आणि आज कागद हातात आहे तर जेवण जात नाही.
अठरा तास झाले. प्रत्येक ओळीपुढे त्यांची सही. अक्षर सुंदर आहे त्यांचं, मिशनच्या शाळेतलं.
हे तास खोटे नाहीत. मीच उडवलेत, एकेक मिनिट. पण ज्याच्या देखरेखीखाली उडवले त्याला दिसत नाही, हे उघड झालं तर चाळीसच्या चाळीस पाण्यात. म्हणजे त्यांचा डोळा आता माझाही झाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१७ जानेवारी १९५६
परळ-लालबाग बंद. कर्फ्यू. काल आणि आज गोळ्यांचे आवाज, खिडक्या लावून बसलो होतो. कंपनीची गाडी दादरच्या पुढे येईना, मी गल्ल्यागल्ल्यांतून चालत दादर गाठलं. पास दाखवला, पोलिसाने दोनदा उलटापालटा करून बघितला. औषधं पोचवायचीच होती.
परतीला सांताक्रूझवर धूर, शहराकडून येणारा. पट्टीची कड मलाच धड दिसेना. मोजता मोजता मी तिसावरून दहावर आलो, मधले वीस म्हणायचं राहिलं. चूक माझी. कॅ. चा हात तसाच थांबून राहिला, पुढच्या आकड्याची वाट बघत. मी ओरडलो तेव्हा त्यांनी दांडा ओढला. चाकं टेकली, पण कशी टेकली ते आम्हा दोघांनाच माहीत.
मालक लांबून हात हलवत होते. त्यांना सगळं ठाऊक असावं असं मला आताशा वाटतं. माल पोचतो ना, मग झालं.

३० जानेवारी
मुलाखत झाली. तीन साहेब. चाळीस तास भरले होते; एकाने लॉगबुक चाळलं, रॉड्रिग्जची सही बघून म्हणाला, हा तर फार जुना, चांगला हात. मी हो म्हटलं. शेवटी एक छापील कागद, वरील नोंदी खऱ्या आहेत. सही केली. पेन अडलं नाही, काही नाही.

८ फेब्रुवारी
लागलो! सोमवारी, तेराला दहा वाजता हजर व्हायचं. बाबांनी मिलमध्ये पेढे वाटले. मला कडकडून मिठी मारली, आयुष्यात पहिल्यांदा. कापसाचा वास येतो त्यांना. मी रडलो आणि त्यांना वाटलं आनंदाने.
माझ्या जागी कांबळे येतोय. वरळीच्या बीडीडी चाळीतला, माझ्याबरोबर विमानदलात होता, फ्लाइंग क्लबात आम्ही एकाच विमानावर शिकलो. त्याच्या अख्ख्या चाळीतून पहिला. हुशार, माझ्याहून हात हलका. दोन वर्षं परवाना खिशात घेऊन बसला होता, कुणी उभं करत नव्हतं. माझ्याकडे आला, म्हणाला, परब्या, तुझ्यामुळे जागा झाली रे.
मी त्याला म्हटलं, उतरताना मोठ्याने उंची मोजत जा, कॅप्टनना सवय आहे. तो हसला. म्हणाला, त्यांना काय मोजायला येत नाही काय?
पुढचं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

११ फेब्रुवारी, शनिवार
कांबळेची पहिली फेरी आज. मी कागदपत्रं घ्यायला शेडवर गेलो होतो, ते परतून उतरताना बघितलं. विमान उंचावरून आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं. डावा टायर फुटला, पट्टीवरून घासत गवतात. दोघे चालत बाहेर आले.
कांबळेला बाजूला घेऊन विचारलं, मोजलंस ना? तो म्हणाला, सुरुवात केली तर कॅप्टनने गप्प केलं. "माझ्या कॉकपिटमध्ये बडबड नको, मला दिसतं."
मी कॅ. कडे गेलो. म्हटलं, अहो, त्याला मोजू द्या. ते म्हणाले, तुझी गोष्ट वेगळी होती. उद्या यालाही कळेल, परवा आणखी कुणाला. म्हणजे अब्रू वाचवायला ते आता आंधळेच उतरणार, आणि शेजारी कांबळे.
मालकांनी टायरचा दोष म्हणून लिहून घेतलं. सोमवारी सकाळी नऊला पुन्हा भावनगर. हेच दोघे.

१२ फेब्रुवारी, रविवार
वरळीला गेलो. कांबळेच्या आईने चहा केला, मुलाचा टोपीतला फोटो दाखवला. तिच्यासमोर तोंड उघडेना. मग दोघं समुद्राकडे चालत गेलो आणि सगळं सांगितलं. डोळा, तक्ता, मोजणं, चाळीस तास.
मला वाटलं होतं भडकेल, निदान शिवी तरी देईल. तो शांतपणे म्हणाला, "तुला कळलं तेव्हा तू काय केलंस?"
मी म्हटलं, गप्प बसलो.
"तास झाल्यावर बोलतोयस. माझा कमांडचा अजून एक तास झाला नाही."
मी म्हटलं, अरे, तू मरशील. तो म्हणाला, मी सोमवारी गेलो नाही तर मंगळवारी दुसरा येईल, आणि मालक म्हणेल हे लोक असेच, पहिल्या धक्क्याला पळाले. मी तक्रार केली तर म्हणतील, जुन्या कॅप्टनवर कालच्या पोराने आळ घेतला. तुझं ऐकतील, तुझ्याकडे मोठ्या कंपनीचा कागद आहे. पण तुझं बोलणं म्हणजे तुझा कागद गेला. मग म्हणाला, जा घरी, उद्या तुझा पहिला दिवस आहे, झोप नीट.
यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, तेच जिव्हारी लागलं. मी त्याच्यावर रागावलोसुद्धा, येताना वाटभर. कुणावर तरी रागवायला हवं होतं.
घरी येऊन पत्र लिहिलं, तपासणीच्या सरकारी डॉक्टरांना. कॅ. रॉड्रिग्जना उजव्या डोळ्याने दिसत नाही, मला डिसेंबरपासून माहीत आहे, माझे चाळीस तास त्यांच्या देखरेखीखालचे आहेत. खाली पूर्ण नाव, परवान्याचा नंबर. विमानतळावर डॉक्टरांची खोली आहे, आठला उघडते. पत्र मिळालं तर नऊचं विमान सुटणार नाही.
डोळा कुठल्या साली गेला, तेवढं लिहायचं राहिलंय. त्यांनी कधी सांगितलंच नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार
सांताक्रूझ. सव्वाआठ. गेटाजवळच्या चिंचेखाली बसून लिहितोय. नवा पांढरा शर्ट, आईने रात्री तांदळाच्या पेजेची खळ दिली, गळ्याला टोचतोय. निघताना तिने दही घातलं हातावर. म्हणाली, "सांभाळून जा रे झिला, आता लोकांचो जीव तुझ्या हातात."
डाव्या हाताला मोठ्या कंपनीचं ऑफिस, दारात स्टूल टाकून पोर्टर बसलाय. समोर डॉक्टरांची खोली, दार उघडं, पंखा फिरतोय. उजवीकडे आमची शेड.
कॅ. नवीन टायर बघतायत. खाली बसून हाताने चाचपतायत, चारी बाजूंनी. कांबळे शिडीजवळ. त्याने मला बघितलं. हात केला नाही, मानही हलवली नाही, नुसता बघत राहिला आणि मग वर चढला.
गाठोडी चढवून झाली. आठ वीस. पत्र खिशात आहे, शर्टाच्या खळीने पाकिटाचा कोपरा दुमडलाय.
पहिलं इंजिन लावलं. एवढ्या लवकर कधी लावत नाहीत. पत्र हातात घेऊन उठतो, समोरच्या दाराकडे.