बाबाचा खोकला

कैलासदादा,

खंजिरी भजनाच्या ग्रुपवर सगळे आपल्या आवडीच्या जुन्या रेकॉर्डिंग टाकून राह्यले. बाबानं नाचणगावच्या भजनस्पर्धेत भरलेली कॅसेट तू साफ करून मले धाडली. "हेच टाकजो, नाईतर लोक हसतील," असं तू म्हणला.

टेपरेकॉर्डर बाबाच्या मांडीवर होता. म्हणून भजनापेक्षा त्यायचा खोकला मोठा, अन् "वाहवा बुवा!" त्याहून मोठं. बाबा गेल्यावर त्यायचा आवाज तेवढाच उरला, अन् तू तोच पुसला काऊन?

म्या मूळचीच टाकली. हसले लोक. मंग एकानं विचारलं, "हा वाहवा करणारा कोण हाय?"

म्या लिवलं, "आमचे बाबा." आमचे म्हणजे तुहे बी, तुले लाज वाटो का न वाटो.

हे पत्र न धाडणारी,
तुही बहीण कुंदा