पाच रविवारांची फुकट तिकिटं

टेंभुर्णी, दि. १० फेब्रुवारी २०२५

चि. वसंतास,

सप्रेम जयभीम. वि. वि. फोन तू उचलत न्हाईस, म्हणून वहीचा कागद फाडून लिहायला बसले. पत्र तरी कट करता येत न्हाई.

काल चौथा रविवार. आपला आतेभाऊ अंगद सकाळपासून ओट्यावर तुझी वाट पाहत बसला. वकीलबाईंना कोर्टामुळं इतर दिवशी सवड न्हाई, म्हणून सुट्टीच्या दिवशी जाफराबादहून येतात, तुझा जबाब लिहून घ्यायला. त्याच्या बायकोनं, वंदनानं, तीनदा चहा टाकला. दुपारी तुझ्या भावनाचा फोटो आला : तू, ती आन् तुमची आकांक्षा, थेटरातल्या लाल खुर्च्यांवर पाय पसरून. वंदनानंच नवऱ्याशेजारी बसून मला दाखवला. मला फोन भिंतीवर आपटावा वाटला.

तुमच्या मिलनं कोर्टात लेखी दिलंय, की मशीनवरची बचावाची जाळी अंगदनंच काढली आन् स्वतःच्या चुकीनं हात गमावला. अंगद म्हणतो, मी काढली न्हाई. मंग कोणी, विचारलं की म्हणतो, वसंता शेजारीच होता, तो येऊन सांगेल. आई गेल्यावर दुर्गाआत्यानं आधी तुझ्या ताटात वाढलं, मंग अंगदच्या. आन् तू पिच्चर पाहून राह्यलास!

भावनाला, आकांक्षाला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ सध्या आहे तेवढ्यावरच भागव.

तुझी ताई,
सुमेधा


जालना, दि. १४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

सविनय जयभीम. वि. वि. पत्र भावनानं आधी वाचलं आन् रडली. लहान पोरीच्या फोटोवरून येवढं बोलायचं का? मी काय चोरी केली?

मिलमधी जानेवारीपासून लकी ड्रॉ सुरू झालाय. शनिवारी पाळी सुटली की सुपरवायझर राधेश्याम हेल्मेटमधी आमच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात आन् एक उचलतात. ज्याचं नाव निघालं त्याला रविवारच्या बाराच्या शोची तीन तिकिटं, वर समोसे. चारी बार माझंच निघालं, त्याला मी काय करू? आपल्या घरात आजवर कोणाला काही फुकट मिळालंय का, सांग. आकांक्षा पहिल्यांदाच थेटरात गेल्ती. पडदा पाहून म्हणाली, पप्पा, हा आपल्या घरापेक्षा मोठा हाय. तिला काय सांगू, ऊठ, टेंभुर्णीला जबाब लिहायला जायचंय?

येत्या रविवारी येतो, बिलकुल येतो. तू मास्तरीण, तुला सगळ्यातच चूक दिसती. भावाचं नशीब फळलं तर जळायची बी काही हद्द असती.

दुर्गाआत्याला जयभीम सांग. रागातली का होईना, माया राहू दे.

तुझा,
वसंता


टेंभुर्णी, दि. १८ फेब्रुवारी २०२५

वसंतास,

जयभीम. चिरंजीव लिहायला आज हात वळत न्हाई.

पाचवा रविवार गेला. भावनाला फोन केला, तर मागं थेटरातला गोंगाट. ऐंशी कामगार, पाच शनिवार आन् एकच नाव! मी पाचवीला गणित शिकवते. माझी पोरं सुद्धा हसतील. आन् शो बाराचाच का? बाराला तू जालन्यात असलास की वकीलबाई परतायच्या आत इथं येणं होत न्हाई, म्हणून. ते तिकीट न्हाई वसंता, दावं आहे. राधेश्याम तुला दर रविवारी खुंट्याला बांधून राह्यलाय.

तू भोळा असतास तर मी समजावलं असतं. तू भोळा न्हाईस, हेच मला खुपतंय.

जळते म्हणालास. हो, जळते. अंगदला एका हातानं भाकरी मोडता येत न्हाई, वंदना मोडून देती, आन् तो मान खाली घालून खातो. ते पाहून जळते. चार मार्चला कोर्टाची तारीख आहे. त्याआधी आला न्हाईस तर ह्या घराची पायरी चढू नको. बुद्धपौर्णिमेला बी न्हाई.

लोभ वगैरे काही लिहीत न्हाई.

सुमेधा


जालना, दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. ताई,

सविनय जयभीम. वि. वि. हे पत्र भावनाला न दाखवता लिहून राह्यलो.

परवा शनिवारी सहाव्यांदा माझं नाव पुकारलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, मला नको, दुसऱ्याला द्या. राधेश्याम हसून म्हणाले, नशीब नाकारू नये. मी त्यांच्या हातातलं हेल्मेट घेतलं आन् जमिनीवर उपडं केलं. सोबतच्या भागवतनं एकेक चिठ्ठी उघडली. सगळ्या कोऱ्या, ताई. माझ्या नावाची चिठ्ठी त्यांच्या खिशातून निघायची. मला ते तिसऱ्याच शनिवारी दिसलं होतं. दिसूनबी मी तिकिटं घेतली.

का घेतली, ते सांगतो. ती जाळी मी काढली. माल लवकर निघंना म्हणून राधेश्यामनं हुकूम दिला, पण पाना माझ्या हातात होता. तिसऱ्या दिवशी अंगदचा हात आत गेला. मी दोन पावलांवर होतो. जबाब दिला तर माझंच नाव येईल, ह्या भ्यानं मी दर रविवारी अंधारात जाऊन बसलो. एकाबी पिच्चरची स्टोरी मला सांगता येणार न्हाई. तुझा राग आला नव्हता ताई, माझाच आल्ता. तो तुझ्यावर काढला.

राधेश्यामनं सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलंय. सोबत चार पानं आहेत, सगळं खरं लिहून सही केलीय. वकीलबाईंना दे. अंगदला तोंड दाखवायची हिंमत न्हाई. त्याला तूच वाचून दाखव.

तुझी माया मागायचा मला हक्क न्हाई.

वसंता


टेंभुर्णी, दि. २७ फेब्रुवारी २०२५

चि. वसंतास,

सप्रेम जयभीम. वि. वि. पानं मिळाली. वाचून आधी इतका संताप आला, की चुलीत घालावी वाटली. मंग अंगदच्या घरी गेले, वंदनासमोर, आत्यासमोर वाचली. जाळीच्या ओळीवर आत्या उठून आत गेली, ती बाहेर आलीच न्हाई.

अंगद म्हणाला, मला ठाऊक होतं. तुझ्या हातात पाना त्यानं त्या दिवशीच पाहिला होता. मी ओरडले त्याच्यावर. येवढे दिवस तोंड शिवून का बसलास, कोर्टात चूक तुझ्या माथी मारून राह्यलेत! तर म्हणतो, मी नाव घेतलं असतं तर वसंता आरोपी झाला असता. तो आपण होऊन बोलला, तर माझा भाऊ राहील. म्हणून पाच रविवार ओट्यावर बसलो.

वकीलबाई म्हणतात, नुसत्या कागदानं भागणार न्हाई, चार मार्चला तुला स्वतः उभं राहावं लागेल. राधेश्यामचा वकील तुलाच दोषी धरील, तयारीनं ये. अंगद म्हणतो, आदल्या दिवशी मुक्कामाला ये, इथून जोडीनं जाऊ. आत्या अजून तुझं नाव घेत न्हाई. तिच्यासमोर काय बोलायचं ते तुझं तू ठरव. मी मधी पडणार न्हाई. माझाबी राग गेलेला न्हाई, हे समजूनच ये.

भावनाला आता सगळं सांग. तिला आन् आकांक्षाला घेऊनच ये. परक्यासारखा दारात उभा राहू नको.

तुझी ताई,
सुमेधा