उत्तमची बास, उत्तमचं मशीन

४ मार्च १९७७
काल उत्तमचं पुण्यानुमोदन झालं. विहार भरला होता. मी सगळ्यांना चहा देत फिरले. रडायचं राहून गेलं. रात्री आई म्हणाली, "शकू, धाकटा भाऊ गेला, तुझ्या डोळ्याला पाणी कसं न्हाई गं?" 

आज शाळेत गेले. संध्याकाळी दिनकर आला. उ.च्या ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवतो, सगळी जमवाजमव करणारा तोच. चहा घेतला. मग म्हणाला, "आक्का, जयंतीला बास अन् मशीन दोन्ही लागतील. बास मी वाजवीन. येत न्हाई नीट, पण वाजवीन. त्याची जागा भाड्याच्या माणसानं भरणार न्हाई आमी." मी हो म्हटलं.

६ मार्च
रविवार. उ.चा कोपरा झाडला. बास, म्हणजे त्याची जाड तारांची गिटार, भिंतीला टेकलेली. शेजारी त्याने स्वतः बनवलेला ॲम्प्लिफायर, तो नुसतं 'मशीन' म्हणायचा. खाली लाकडी खोका, त्यात बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा मोठा स्पीकर.

आधी बास घरच्या रेडिओला लावली होती. रेडिओचा स्पीकर फाटला. आई आठवडाभर बोलली नाही त्याच्याशी. मग भोंगेवाल्याच्या मशीनला लावली. शेजारच्या गंगूबाई दारातून म्हणाल्या, "उत्तम, कुनाची म्हस आडलीय का रे?" तेव्हा हे बनवायला घेतलं. रहीमचाचांच्या दुकानात दिवसभर पंपाच्या मोटारींना नव्याने तार बांधायचा, उरलेल्या वेळात हे. आतला ट्रान्सफॉर्मर, तांब्याची तार न् तार, त्याच्या हातची.

रद्दीतली इंग्रजी मासिकं आणायचा. बँडवाल्यांचे फोटो बघायचा, पण माणसं नाही. त्यांच्या मागे उभी असलेली कपाटाएवढी मशीनं. "आक्का, हे बघ, ह्या बासला हेच कपाट. दुसऱ्यासंगं नांदत न्हाई ती." मी म्हटलं, तुझं लग्न कधी? "हाय की माझं जोडपं. गरीब हाय, पण भांडत न्हाई."

मी तेव्हा वह्या तपासत होते. मान वर केली नव्हती.

१२ मार्च
शनिवार, सकाळची शाळा. दुपारी आई विहारात गेलेली.

बौद्ध झाल्यापासून आपल्यात सुतक नाही. तरी आईने सांगितलं आहे, जयंतीपर्यंत घरात काही वाजवायचं नाही. रेडिओही बंद आहे. पण मशीन चालू करून बघावंसं फार वाटलं. आवाज झाला तर गल्ली काय म्हणेल, म्हणून खोक्याची वायर काढून ठेवली आणि मग बटण दाबलं. आतले काचेचे वॉल्व्ह हळूहळू तांबडे झाले. बास जोडली. जाड तार ओढली. खोका नसताना ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातूनच बारीक आवाज आला, कुणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. जोरात ओढली की तोही जोरात. ओढत बसले.

मग वास आला. तापलेल्या वार्निशचा. दुकानातून आला की उ.च्या सदऱ्याला हाच वास यायचा. मी डोळे मिटून घेतले. बंद करावं असं मनातही आलं नाही. आज पहिल्यांदा रडले.

१३ मार्च
आई सकाळपासून घरभर फिरते आहे. "शकू, उत्तमचा वास यायलाय गं." त्याची ट्रंक उघडून सदरे हुंगले. चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसला. तो वास मशीनचा, हे मी सांगितलं नाही.

१५ मार्च
आई बाजारात गेली तेव्हा खोक्याची वायर पुन्हा लावली. दिनकरला द्यायच्या आधी एकदा बघावं म्हणून. वॉल्व्ह पेटतात. खोका गप्प. वायर उलटसुलट करून पाहिली. बास बदलता येत नाही, एकच आहे. ट्रान्सफॉर्मरवरची पट्टी काळी पडली आहे. शनिवारी बटण दाबण्याआधी काळी नव्हती.

मी काय केलं हे!

१८ मार्च
निवडणुकीच्या जीपगाड्या, भोंगे. वर्गात मुलांना माझा आवाज जाईना. चौकात दिनकर भेटला. "मशीन बरं हाय ना?" म्हटलं, रहीमचाचांकडे तपासायला देणार आहे. "बरं झालं. तोवर तालमीला भोंगेवाल्याचं बघतो." खोटं बोलले नाही. पण खरंही नाही.

अलीकडे उ.पेक्षा त्या मशीनचाच विचार जास्त येतो. ह्याचीही लाज वाटते.

२० मार्च
मशीन पोत्यात घालून सायकलरिक्षाने चाचांकडे नेलं. त्यांनी उघडलं. वाकून वास घेतला. "खोका निकाल के चलाये?"
मी हो म्हटलं.
"उत्तम तुमकू बोल्या नै कभी?"
त्याने सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

खोका जोडलेला नसला की सगळा जोर आतल्या आत राहतो आणि तारेचे वेढे, वाइंडिंग, जळतं, एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. पाणी पिऊन आले. "मेरे सामने बांध्या उने. मैं हसताथा. बोलताथा, अरे दीवाने, पंप की मोटर बांध, पेट भरता." उ. बांधायचा, ऐकायचा, परत सोडायचा, परत बांधायचा. किती वेढे घेतले ते त्याच्या डोक्यात. चाचांनी कधी विचारलं नाही.

आता उपाय एकच. जळालेलं वाइंडिंग सोडत जायचं, वेढे मोजायचे आणि तेवढेच नव्या तारेने घ्यायचे. सोडलेली तार मोडीत जाईल. मी म्हटलं, विचार करून सांगते. ट्रान्सफॉर्मर रुमालात बांधून परत आणला.

२३ मार्च
ट्रान्सफॉर्मर माझ्या पेटीत साड्यांखाली आहे. हातात घेतला की जड लागतो. वार्निशमध्ये एका कडेला अंगठा उमटला आहे. उ.चाच असणार.

न सोडता तसाच ठेवला तर त्याच्या हातचं काहीतरी घरात राहील. पण मग बास मुकी. सोडला तर बास बोलेल आणि हे जाईल. आईला विचारावं तर आधी जाळल्याचं सांगावं लागेल. तिला अजून वाटतं, त्या दिवशी तो येऊन गेला.

२७ मार्च
विहारामागे तालीम. बास भोंगेवाल्याच्या मशीनला लावली होती. घरी बसून सगळं ऐकू आलं. नाकातून बोलल्यासारखा आवाज, जाड तार तर नुसती टकटक. पोरं हसायला लागली. कोणीतरी ओरडलं, "दिनकरदादा, म्हशीला डाक्टर बोलवा!" दिनकरने तिथेच थांबवलं.

आई म्हणाली, "उत्तमचं असं नव्हतं. उत्तमचं पोटात यायचं." आणि आत जाऊन निजली, दिवस असताना.

उद्या चाचांना सांगते.

३ एप्रिल
रविवार. दुकान बंद ठेवून चाचा आणि मी बसलो. त्यांच्या तार गुंडाळायच्या चरख्याचं आकडे मोजायचं चाक तुटलेलं, आणि नजर आता अधू. म्हणून ते सोडत होते, मी मोजत होते. दर शंभराला पाटीवर एक रेघ.

वरची पट्टी काढताना अंगठ्याचा ठसा पापुद्र्यासारखा सुटला आणि चुरा झाला. चाचांना दिसलं नाही.

वरचे थर जळून चिकटलेले, आतले कोरे, तांबूस, एकासारखा एक. कुठे ओढ नाही, कुठे ढिलं नाही. एवढ्या नीटपणे त्याने घरात कधी अंथरुणाचीही घडी घातली नव्हती. हे डोक्यात आलं आणि आकडा सुटला.

चाचा सोडत होते. मी थांबा म्हणायला हवं होतं. तार तर खाली पडून गुंतली होती, परत मोजायचं कसं. मी अंदाजाने एक आकडा धरला आणि पुढे मोजत राहिले. शेवटी पाटीवरचं सगळं वाचून दाखवलं. चाचा म्हणाले, "मास्टरनी है, गिनती की फिकर नै."

मी पदराने पाटी पुसली.

६ एप्रिल
आकडा सुटल्याचं सांगायला दुकानात गेले होते. चाचा नवीन वाइंडिंग गुंडाळत होते, पुटपुटत आकडे मोजत, तार डोळ्याजवळ धरून. उ. गेल्यापासून असं काम हातात घेतलं नव्हतं म्हणाले. चहा पिऊन परत आले.

१० एप्रिल
मशीन आलं. आईला म्हटलं, आता वाजवून बघायला लागेल, दिनकरला द्यायचं आहे. ती म्हणाली, बघ. खोका जोडला. दोनदा बघितलं जोडलाय का. बास लावली. जाड तार ओढली.

आवाज आला. भांड्यांची मांडणी थरथरली. गंगूबाई पळत आल्या, दारातच उभ्या राहून डोळे पुसायला लागल्या. म्हशीचं काही बोलल्या नाहीत.

आई खोक्याला हात लावून बसली. "त्याचाच हाय," म्हणाली. मला तोच वाटला, आणि नाहीही वाटला. मी कधी नीट ऐकलंच नव्हतं तर काय सांगू. ज्याने ऐकलं तो दिनकर.

१४ एप्रिल
दुपारचे तीन. निळे झेंडे, गल्ली धुऊन काढलेली. बाहेर लेझीम चालू आहे.

सकाळी दिनकर आणि मंडळी बास, मशीन, खोका घेऊन गेली. स्टेजवर लावून बघायला मला बोलावलं. दिनकरने वाजवलं. थांबला. परत वाजवलं. कान खोक्याला लावला. 

"आक्का, खालचा सूर पयल्यापेक्षा जड यायलाय. लय गोड. उत्तमनं आजारात काही बदललं होतं का ह्याच्यात?"

मी तिथेच खरं सांगायला पाहिजे होतं. रहीमचाचाही तिथेच खुर्चीवर बसले होते, माझ्याकडे बघत होते. मशीन जळालं होतं हे त्यांना माहीत आहे. वेढ्यांचा आकडा मी अंदाजाने धरला, हे माहीत नाही.

मी म्हटलं, "असेल."

"बघा! कावीळ झाल्याली, उठवत न्हवतं, तरी गड्यानं जाता जाता आवाज सुधारला." त्याने हे लगेच दोघा-तिघांना सांगितलं. तासाभरात गल्लीत झालं. आईला गंगूबाईंनी सांगितलं. आई मला विचारत होती, "कधी केलं गं त्यानं? मी तर उशाशीच होते." मी म्हटलं, मी शाळेत होते, मला काय ठाऊक.

त्याने जे केलं होतं ते मी जाळलं, मग सोडून मोडीत घातलं. आता जे त्याने केलंच नाही ते त्याच्या नावावर होतंय, आणि लोकांना ते जास्त आवडतंय.

दिनकर आज कार्यक्रमाच्या आधी स्टेजवरून हे सांगणार आहे, सगळ्यांसमोर. आईला पुढे बसवणार आहेत. चाचा जाताना एवढंच म्हणाले, "मैं कुछ नै बोलता, बेटी. तुम देखो."

आईने पांढरी साडी काढून ठेवली आहे, मला हाक मारते आहे, वेणी घालून दे म्हणून. तिला आत्ता सांगावं, वेणी घालता घालता, तोंड समोर नसताना. की आधी दिनकरकडे जाऊन त्याला थांबवावं? आई परत हाक मारते आहे.